पहिलं कारण

शिरूर, १२ जुलै

प्रिय जॉन्सनदादा,

सलाम.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तू फोन उचलत नाहीस, मेसेजवर निळ्या खुणा उमटतात आणि पुढे शुकशुकाट. म्हणून शेवटी पोस्टात गेले. पाकीट मागितलं तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "राखी पाठवायचीय व्हय? लई लवकर आलीस." म्हटलं, राखी नाही, भावाला पत्र पाठवायचंय. "कुठं, दुबईला?" म्हटलं, दौंडला. त्यांनी मागच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारून मला दाखवलं, जत्रेत दोन तोंडांचं वासरू दाखवतात तसं.

तुझा पत्ता हरिबामामांकडून काढला. पप्पा कंडक्टर होते तेव्हा त्यांच्या गाडीवर ड्रायव्हर असलेले हरिबामामा आता दौंडच्या फेरीवर असतात. त्यांनी तुला कुरकुंभच्या रस्त्याला एका पोल्ट्रीच्या शेडपाशी पाहिलं म्हणे, डोक्यावर खाद्याचं पोतं घेऊन. तब्येत बरी दिसली, एवढंच सांगितलं. वाळलास का, दाढी वाढवलीस का, काही नाही. पुरुषांना नीट बघताच येत नाही.

आता कामाचं. मी बीबीएच्या तिसऱ्या वर्षाला आले. विषय मनुष्यबळ व्यवस्थापन, म्हणजे तुमच्या भाषेत एचआर. आईला अजून वाटतं की लोकांना कामावरून कसं काढायचं याचं हे शिक्षण आहे, आणि प्रार्थनेत ती माझ्यासाठी वेगळी क्षमा मागते. सध्या रांजणगावच्या एमआयडीसीत, गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या एका कंपनीत मी इंटर्न आहे. तिथं मला दिलेलं काम इतकं आवडलंय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याला एक्झिट इंटरव्ह्यू म्हणतात. माणूस नोकरी सोडून चालला की त्याला खुर्चीत बसवायचं, पाणी द्यायचं आणि विचारायचं, का चाललात? कामावर घेताना सगळेच प्रश्न विचारतात. पण जाणाऱ्यालाही विचारावं, हे ज्याला सुचलं त्याला माझा सलाम.

तर मला प्रोजेक्टसाठी अशी एक मुलाखत हवी आहे. कंपनीतली मुलं मोकळं बोलत नाहीत. तू मागच्या नोव्हेंबरात, आम्ही तिघं उपासनेला गेलेलो असताना, कोंबड्या टेम्पोत घालून घर सोडलंस. म्हणजे तू बरोबर नियमात बसतोस. प्रश्न एकच आहे. का गेलास?

तुझी बहीण आणि मुलाखतकार,
फेथ

ता. क. एक कोंबडी तू मागे सोडलीस, ती लंगडी. मजेत आहे.

शिरूर, ५ ऑगस्ट

प्रिय दादा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. त्यावर एकच ओळ, "जागा पुरत नव्हती." अख्खं कार्ड कोरं सोडलंस आणि म्हणे जागा पुरत नव्हती!

उत्तर नोंदवून घेतलं आहे. पण खरं मानलेलं नाही. त्याला कारण रोहन.

रोहन हा मांडवगण फराट्याचा मुलगा, आमच्याकडे शिलाईच्या लाईनवर होता. राजीनाम्यात त्याने लिहिलं, घरगुती कारण. सगळे तेच लिहितात. मी विचारलं, घरी काय आहे? म्हणाला, "शेती हाय, बघाया कुणी न्हाई." मग बोलता बोलता त्याच्याच तोंडून निघालं की शेती थोरला भाऊ बघतो. मग म्हणाला, बस लांब पडती. पण कंपनीची बस तर त्याच्या फाट्यावर थांबते, मला माहीत होतं. माझे प्रश्न संपले. मी नुसतीच ग्लासात पाणी ओतून बसून राहिले. जरा वेळाने तो म्हणाला, "म्याडम, तुम्ही गेटवरचा बोर्ड बघितला का?"

गेटवर महिन्याच्या उत्तम कामगाराचा बोर्ड असतो. त्यावर रोहनचा फोटो होता आणि खाली नाव दुसऱ्याच कुणाचं. त्याने सुपरवायझरला सांगितलं तर तो हसून म्हणाला, "फोटो तुझाच हाय ना? मग झालं तर." पुन्हा सांगितलं, पुन्हा हसला. रोहन मला म्हणाला, "आईला मुद्दाम गेटपर्यंत आणलं व्हतं म्याडम, बोर्ड दाखवाया. तिला वाचता येतंय."

आणि दादा, तिकडे फॉर्मवर काय लिहिलंय, तर घरगुती कारण.

स्वप्नाली मॅडम आमच्या एचआरच्या प्रमुख. तोंडाच्या फटकळ, पण समोरचा बोलायला लागला की पेनसुद्धा खाली ठेवतात. त्या म्हणाल्या, "पहिलं कारण पाहुण्याला दिलेल्या चहासारखं असतं. मान राखायला देतात. ते घ्यायचं, आणि उठायचं नाही." त्यांनी त्याच दुपारी बोर्डावरचं नाव बदलून घेतलं. रोहन तरीही गेला. मला राग आला. म्हटलं, मग विचारून उपयोग काय झाला? तर म्हणाल्या, "जाणाऱ्याला फारसा नसतो गं. जे मागं राहिलेत त्यांना असतो."

घरी येईपर्यंत बसमध्ये मी तेवढंच मनात घोळवत होते. तुझ्या मागे आम्ही राहिलोय. आई, पप्पा आणि मी. तेव्हा तुझा चहा घेतला, छान होता, आणि मी काही उठत नाही. का गेलास?

फेथ

आई विचारते, जेवणाचं काय करतोस? हे तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहितेय. "त्याला म्हणावं, नुसती अंडी खाऊन उष्णता होती."

शिरूर, १४ सप्टेंबर

प्रिय दादा,

दुसरं कार्ड पोचलं. "शेजारच्या सिंधूबाई वासावरून कुरकुर करायच्या." बघ, दुसरं कारण आलंच. मला खूप आनंद झाला, कारण हे तपासता येण्यासारखं होतं. कार्ड हातात घेऊनच कुंपणापाशी गेले.

सिंधूबाई भांडी घासत होत्या. त्यांनी राखेचे हात कमरेवर ठेवले. "म्या? वासाची कुरकुर म्या केली? अगं बाय, कोंबड्यांचा वास येनार न्हाई तर काय अत्तराचा यील? जॉन्सन मला आठवड्याला अंडी द्यायचा. त्यो गेल्यापासनं दुकानातली आनतीय, आतला बलक कसा पांढराफटक. त्याला म्हनावं, माझ्या नावावर खपवू नगंस." एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले आणि गालाला राख लागली. तुझी आठवण काढणारं माणूस कुंपणापलीकडेही आहे, हे कळावं म्हणून लिहिलं.

आता माझं ऐक. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की घरी सगळं ठीक आहे. ते माझं चहाचं वाक्य होतं. घरी ठीक नाही. शेवटच्या सीटवरच्या माणसाला पहिल्या सीटपासून तिकीट विचारणारे आपले पप्पा आता पाणी हवं असलं तर खुणेने मागतात. आई बोलते, मी बोलते, ते मान हलवतात. आणि गेल्या रविवारी आनंदराव पाळक घरी आले, हंगामाच्या सणाचं ठरवायला, तर पप्पा म्हणाले, "यंदा लिलाव दुसऱ्या कुणाला सांगा."

मी हातातली कपबशी टाकायची बाकी ठेवली. मॅडमना हे सांगितलं तर त्यांना आपला लिलावच माहीत नव्हता. मग त्यांना सगळं समजावलं. आपल्याकडे पीक निघालं की पहिला वाटा देवळात, म्हणजे चर्चमध्ये आणतात, दुधी, मक्याची कणसं, लिंबं, कुणी कोंबडाही आणतं, आणि उपासना संपली की आवारात त्यांचा लिलाव होतो. भोपळ्याला सोन्याचा भाव येतो तो भोपळ्यामुळे नाही, तर लिलाव करणाऱ्याच्या जिभेमुळे. माझे पप्पा एकेकाला असं चिडवतात की माणूस ईर्षेला पेटून बोली वाढवतो. आणि ज्याच्यावर माया जास्त, त्याला जास्त चिडवतात. पाळकबाईंच्या कारल्यावर त्यांनी काय काय म्हटलंय ते कंपनीत सांगता येणार नाही. मॅडम पोट धरून हसल्या आणि मग एकदम म्हणाल्या, "असा माणूस आवडतं काम सोडतो तेव्हा त्यालाही बसवून विचारायला हवं."

आणखी एक. प्रोजेक्ट मी जुलैतच जमा केला. तो कामगारांच्या प्रशिक्षणावर होता, त्यात मुलाखत कुणाचीच नव्हती. म्हणजे माझंही पहिलं कारण खोटंच निघालं. खरं कारण एवढंच आहे की तू का गेलास हे मला माहीत नाही, आणि ते माहीत नसताना मला घरात जेवण गोड लागत नाही.

फेथ

शिरूर, २२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

मी इतकं लिहिलं आणि तू उत्तर द्यायचं सोडून उलट मलाच विचारलंस, "यंदा लिलाव खरंच पप्पा करणार नाहीत का?"

दोन दिवस ते कार्ड पर्समध्ये घेऊन फिरले. ज्याला घराचं काही देणंघेणं नाही असं भासवायचंय, त्याला दौंडमध्ये बसून लिलावाची चौकशी कशाला? मग आठवलं, की मागच्या सणाला तू कोंबड्यांची पहिली अंडी देवळात आणली होतीस, आणि पुढच्या पंधरवड्यात तू गेलास. मी त्या वेळी देवळाच्या मागे बायकांबरोबर चहाच्या पातेल्याशी होते. पुढून हसण्याचा मोठा लोट आला होता, एवढंच मला ठाऊक. कशाला हसले ते नाही.

विचारत सुटले. गंमत अशी की ते हसणं सगळ्यांना आठवतं आणि कशाला हसले ते कुणालाच धड आठवत नाही. पाळकबाई म्हणाल्या, कोंबड्यांवर काहीतरी होतं. गायनमंडळातला एकजण म्हणाला, "तुझ्या बापानं त्या दिवशी कमाल केली व्हती बग." काय कमाल केली ते त्याला सांगता येईना. एक माणूस घर सोडून गेला, आणि ज्यांना हसू आलं ते कारणच विसरून गेले.

मग काल सकाळी पप्पांची मुलाखत घेतली. ते मागच्या दारी लंगड्या कोंबडीला ज्वारी टाकत होते. कुणी बघत नाही असं वाटलं की ते रोज टाकतात. मी खुर्ची आणली, पाण्याचा तांब्या ठेवला.

"ह्ये काय? पानी कशाला?"

"मुलाखत हाय. तुम्ही लिलाव का सोडला?"

"घसा बसलाय."

मी म्हटलं, मघाशी कुत्रं हाकललंत तेव्हा तुमच्या आवाजाने सिंधूबाईंच्या हातातलं भांडं पडलं. मग म्हणाले, "आता पोरांनी करावं. आमी किती दिस करायचं?" मी तेही ऐकून घेतलं आणि बसून राहिले. लंगडी त्यांच्या चपलेवर चोच मारत होती. मग ते तांब्यातलं पाणी प्यायले आणि आपणहून बोलले. त्यांचेच शब्द लिहिते.

"जॉन्सनची अंडी मी वर धरली आन् म्हनलं, ही आमच्या थोरल्या सायबांची. तीन कंपन्या सोडल्या यांनी. आता कोंबड्यांनी कामावर ठिवलंय. बगू, त्या तरी किती दिस ठिवून घेत्यात! लोक लई हसले. बोली चढली, दिवसभरात तेवढी कशाचीच चढली न्हाई. मला वाटलं, पोराचं नाव झालं. मान वर केली तर जॉन्सन दारात चपला घालत व्हता."

"तवाच कळलं तुम्हाला?"

"तवाच. म्हनलं, घरी गेल्यावर बोलू. घरी गेल्यावर म्हनलं, सकाळी बोलू. असं म्हनत पंधरवडा गेला, आन् एका रविवारी देवळातनं आलो तर खुराडं रिकामं."

"मग फोन का नाही केला?"

"काय म्हनू फोनवर? आख्ख्या मंडळीला मी चिडवत आलो, कुनी घर सोडून गेलं न्हाई. ह्योच गेला. म्हंजी लई आत लागलं आसनार. इतकं लागलेल्याला फोनवर काय म्हनायचं आसतं, तुमच्या कालेजात शिकवत्यात का?"

नाही शिकवत, दादा. मी पुस्तकं धुंडाळली.

आता तुझी बहीण म्हणून बोलते. मला पप्पांचा राग आला. कंत्राटी नोकऱ्या होत्या तुझ्या, तू सोडल्या नव्हत्यास, त्या संपवल्या गेल्या होत्या, हे त्यांना पक्कं माहीत होतं. चिडवायला नेमकं तिथेच बोट ठेवावं का? पण तुझाही आला. त्या रात्री जेवताना एकदा म्हणाला असतास, पप्पा, हे मला लागलं, तर त्यांनी ताटावरून उठून तुला जवळ घेतलं असतं. तू कोंबड्यांना बोललास, टेम्पोवाल्याला बोललास, घरात कुणालाच नाही. सांगितल्याशिवाय कळणार कसं? आणि सगळ्यांत जास्त मला तुझी आठवण येते. हेही सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून लिहिलं.

सण नऊ नोव्हेंबरच्या रविवारी आहे. मी काही सुचवत नाही. मुलाखत घेणाऱ्याने सल्ला द्यायचा नसतो.

फेथ

शिरूर, १० नोव्हेंबर

प्रिय दादा,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. कसं येतंय ते शेवटी सांगते, आधी कालचं ऐक.

लिलाव रुद्रकडे होता, पाळकांच्या भाच्याकडे. त्याने माईक धरला आणि मोबाईलवरच्या सेलसारखं सुरू केलं, "ऑफर संपत आली! शेवटची संधी!" दुधी हातात घेऊन बिचारा घामाघूम झाला. लोकांनी दुधी दुधीच्या भावात नेला. आपल्या आवारात हे असं कधी झालं नव्हतं. पप्पा मागच्या बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

तेवढ्यात फाटकातून हरिबामामा आले, ड्युटीच्या खाकी कपड्यांत, दोन्ही हातांत अंड्यांचा ट्रे. आमच्या देवळात ते पहिल्यांदाच आले, म्हणून चपला कुठे काढायच्या ते त्यांना कळेना. तिथूनच ओरडले, "दौंडहून आलीत, जॉन्सनची! एकबी फुटू दिलं न्हाई, आख्खी गाडी दुसऱ्या गिअरवर आनली."

आईने माझा हात एवढा दाबला की बांगडीचा वळ उठला.

पप्पा उठले. हरिबामामांच्या हातून ट्रे घेतला आणि पुढे जाऊन उभे राहिले. सगळी मंडळी सरसावून बसली, आता याकोबमामा काहीतरी बोलणार म्हणून काहीजण आधीच हसायला लागले होते. पप्पांनी माईक घेतला नाही. म्हणाले, "ही अंडी जॉन्सन याकोब उजागरेची. त्यानं एकट्यानं उभ्या केलेल्या कोंबड्यांची. मागच्या साली मी ह्याच्यावर चेष्टा केली. ती करायला नको व्हती. तुमी हसलात, तुमचा काय दोष न्हाई, हसवलं मी." आणि पुढे म्हणाले, "त्याला कुनी कामावर ठिवलेलं न्हाई. त्यो सोता मालक हाय."

बोली कुणालाच सुचेना. तेव्हा पप्पाच म्हणाले, "पहिली बोली माझी." आनंदराव पाळक हळूच म्हणाले, "याकोब, लिलाव करनाऱ्याला बोली लावता येत न्हाई." पप्पांनी ट्रे टेबलावर ठेवला. "मग मी लिलाव करत न्हाई. रुद्रा, घे." आणि खाली येऊन लोकांत उभे राहिले.

मग मंडळींच्या ध्यानात आलं. पाळकबाईंनी बोली वाढवली, पप्पांनी त्यावर वाढवली, गायनमंडळाने वाढवली. "याकोबमामा, पेन्शन संपली का?" "मामा, उधार न्हाई बरं का!" पाळकबाईंनी तर कारल्याचा सगळा सूड उगवला. सगळं देऊळ त्यांना चिडवत होतं, ते लाल होत होते आणि बोली वाढवत होते, आणि शेवटी हसले, दादा. खळखळून हसले. वर्षभरात पहिल्यांदा. अंडी त्यांनाच मिळाली. फाटकात उभं राहून त्यांनी ती पोरांना एकेक वाटली आणि प्रत्येकाला बजावलं, "दौंडची हायेत, जपून न्या."

रिकामा ट्रे मात्र काखेत मारून घरी आणला. संध्याकाळी आईला म्हणाले, "ह्यो परत द्यावा लागंल त्याला." आई म्हणाली, "रिकामा कसा न्यायचा?" तिने शेंगदाण्याचे लाडू वळले आणि एकेका खळग्यात एकेक लाडू ठेवला. पप्पा शेजारी बसून, कुठला वाकडा बसलाय ते दाखवत होते. मी विचारलं, हरिबामामांबरोबर पाठवायचा ना? तर म्हणाले, "त्याचा भरवसा न्हाई. मीच जातो."

तेव्हा हे पत्र पप्पांच्या खिशात आहे. हरिबामामांच्याच गाडीने ते निघालेत, ट्रे मांडीवर घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून.

कागदाचा ट्रे, दादा. तू पोल्ट्रीवाला आहेस, असा ट्रे कुणी परत करत नाही हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. तू दार उघडशील तेव्हा ते म्हणतील, "ट्रे द्यायला आलो व्हतो." तो घे. त्यांना पाणी दे. आणि बसून राहा.

तुझी,
फेथ